‘अटेंडन्सचं आम्ही बघून घेऊ’ म्हणणाऱ्या कॉलेजात खेळाडू मुलीला घालावं का?

ठाण्याच्या एका आईंचा प्रश्न आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, मार्क चांगले आहेत. ८०० आणि १५०० मीटर धावते, शालेय राज्य स्पर्धेपर्यंत पोचलेली आहे. एका नावाजलेल्या कॉलेजात बीएस्सीला प्रवेश मिळतोय, पण तिथल्या ऑफिसात ‘७५ टक्के हजेरी म्हणजे ७५ टक्के, खेळाडू असो की कोणी’ असं ऐकवलं गेलं. दुसऱ्या एका कॉलेजच्या जिमखान्यातून आपणहून फोन आला: फी माफ, बूट-ट्रॅकसूट आमच्याकडून, अटेंडन्सचं बघून घेऊ, फक्त शेजारच्या कॉलेजकडे गेलेली जनरल चॅम्पियनशिप परत आणायची आहे. कुठं घालावं, आणि कॉलेजाकॉलेजांतली ही चुरस मुलांच्या भल्याची असते का, असं त्या विचारतात.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. दुसऱ्या कॉलेजला आज ‘हो’ म्हणू नका, आणि पहिल्याला एवढ्यावरून ‘नाही’ही म्हणू नका. दोन्हीकडे अजून एकदा जाऊन थोडी चौकशी करायची आहे. काय विचारायचं ते पुढे सांगतो.

माझी सगळी नोकरी मुंबईतल्या एका कॉलेजच्या जिमखान्यात, शारीरिक शिक्षण संचालक म्हणून झाली. इतक्या वर्षांत एक वाक्य पालकांकडून, प्राध्यापकांकडून आणि सत्काराच्या भाषणांतून सतत ऐकलं: ‘अभ्यास आणि खेळ यांचा तोल मुलांनी सांभाळला पाहिजे.’ मला ते पटत नाही. तुमची मुलगी पहाटे उठून मैदानावर जाते, घरी येऊन डबा भरते, लोकल पकडते. तिच्या वाटणीचं सांभाळणं तिनं केलेलंच आहे. नोव्हेंबरात विद्यापीठाची निवड चाचणी आणि केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल एकाच दिवशी आलं, तर तिची जिद्द तिथं काय करणार? तिथं लागते बदलून दिलेली बॅच, उपप्राचार्यांची सही आणि चिडचिड न करता पुन्हा प्रयोग मांडून देणारा प्रयोगशाळा सहायक. तोल सांभाळायची ही अर्धी जबाबदारी कॉलेजची आहे. कॉलेज ती उचलतं का, एवढंच बघून प्रवेश घ्यावा असं माझं मत आहे.

आता चुरशीबद्दल. चुरस मला मनापासून आवडते. चुरस नसलेल्या कॉलेजात जिमखाना म्हणजे कॅरमची खोली होऊन बसते. पण तिच्यातही प्रकार असतात.

माटुंग्याची रुईया आणि पोदार घ्या. रुईया १९३७ चं, पोदार १९४१ चं. दोन्ही शिक्षण प्रसारक मंडळीची आणि अगदी शेजारीशेजारी. एकीकडे आर्ट्स-सायन्स, दुसरीकडे कॉमर्स. क्रिकेटच्या मैदानावर मात्र हाडवैर. पोदारकडून दिलीप वेंगसरकर, रवी शास्त्री निघाले. रुईयाकडून संदीप पाटील. या चुरशीला एक गोष्ट खूप उपकारक होती आणि तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा संपली की दोन्हीकडची निवडक मुलं मुंबई विद्यापीठाच्या एकाच संघात रोहिंटन बारिया करंडक खेळायला जात. १९३५-३६ पासून चालत आलेली ही आंतरविद्यापीठ स्पर्धा. गेल्या महिन्यात ज्याला बाद करायला जीव काढला, त्याच्याच बरोबर आता रेल्वेच्या डब्यात सतरंजी पसरून पत्ते खेळायचे आणि उद्या त्याच्याच भागीदारीत धावा जमवायच्या. चुरशीला अशी वरची पायरी असली की ती कडवट होत नाही. ॲथलेटिक्समध्येही हेच आहे. तुमच्या मुलीला आज हरवणारी शेजारच्या कॉलेजची मुलगी उद्या विद्यापीठाच्या रिले संघात तिच्या हातात बॅटन देणार आहे.

त्या काळची मुलं अभ्यासही करत, आणि ती काही आजच्या मुलांपेक्षा जास्त गुणी होती म्हणून नव्हे. क्रिकेटमध्ये पैसा नव्हता. पोट भरायचं ते बँकेत किंवा कंपनीत नोकरी करून, तिच्या संघातून टाइम्स शील्ड ही कंपन्यांची क्रिकेट स्पर्धा खेळून. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते. झेवियर्सचे सुनील गावस्कर निरलॉनमध्ये. खेळामुळे नोकरीचं दार उघडे, पण आत गेल्यावर वर चढायला पदवी उपयोगी पडे. त्यामुळे मुलानं मैदानावरून उशिरा यावं आणि परीक्षेलाही बसावं, हे मध्यमवर्गीय घरांना परवडण्यासारखं होतं. क्रिकेटपुरता हा हिशेब आता आयपीएलनं बदलला आहे. ॲथलेटिक्स, कबड्डी, खो-खो, कुस्तीत तो फारसा बदललेला नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, वयातही सवलत आहे. पण त्या पदाला लागणारी शैक्षणिक पात्रता खेळाडूलाही पूर्ण करावी लागते. राष्ट्रीय स्पर्धेचं पदक घरात आहे आणि तिसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिलेत म्हणून अर्ज करता येत नाही, अशी मुलं माझ्याकडे येऊन बसलेली आहेत. त्यांना खेळवणाऱ्या कॉलेजांचा फोन तेव्हा लागत नाही.

कॉलेजनं खेळाडूला खेळाडू आणि विद्यार्थी असं दोन्ही मानलं की काय होतं, याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण कोल्हापूरचं आहे. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकत होते. अंगानं लहान दिसतात म्हणून कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी त्यांना स्पर्धेत उतरवायला नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांनी ऐकून घेतलं, संधी दिली आणि खाशाबांनी कुस्त्या मारल्या. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं, आणि सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे कमी पडायला लागले तेव्हा याच खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. तिथून खाशाबा ब्राँझ पदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी परतल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. ही गोष्ट ‘पाहा, किती त्याग’ म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. कॉलेजच्या सर्वोच्च खुर्चीवर बसलेल्या माणसाचं दार एका किरकोळ दिसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी उघडं होतं. क्रीडाशिक्षकानं नाही म्हटलं तरी वर दाद मागता येत होती. कॉलेज निवडताना प्राचार्यांची भेट मिळते का, हे मी त्यामुळेच बघायला सांगतो.

आता तुम्हाला आलेल्या फोनविषयी. ‘अटेंडन्सचं बघून घेऊ’ याचा व्यवहारातला अर्थ असा की तुमची मुलगी वर्गात आली काय, न आली काय, तिथं कोणाला फरक पडणार नाही. काही कॉलेजांचं अख्खं पथक असंच उभं राहतं. बाहेरून खेळाडू गोळा करायचे, जिथं प्रॅक्टिकल नाहीत अशा अभ्यासक्रमाला नाव घालायचं, आणि पंचवीस वर्षांची वयोमर्यादा गाठेपर्यंत एका एमएतून दुसऱ्या एमएत फिरवायचं. पात्रता अर्जावर शिक्के सगळे बरोबर असतात. पथक जिंकतं, प्रवेशद्वारावर बॅनर लागतो. पण त्याच कॉलेजात खरोखर शिकणारी, रोज लेक्चरला बसणारी आणि बऱ्यापैकी धावणारी एक मुलगी असते. ती राखीव खेळाडूंतही येत नाही. तिचा खेळ पहिल्याच वर्षी संपतो. मग ही चुरस दोन कॉलेजांतली राहिली कुठं? दोन जिमखान्यांच्या बजेटांतली झाली. प्रेक्षकांत ओरडायलाही कोणी येत नाही, कारण धावणारीला वर्गातलं कोणी ओळखतच नसतं.

ही वाट कुठवर जाते ते बघायचं तर अमेरिकेकडे बघावं लागतं, कारण कॉलेजच्या खेळात तिथं आपल्या कल्पनेपलीकडचा पैसा आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ हे तिथलं अतिशय मानाचं सरकारी विद्यापीठ, बास्केटबॉलमध्ये दबदबा असलेलं. तिथं १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं कधीच न भरणारे वर्ग कागदावर चालू होते. एक निबंध द्यायचा. तो बहुतेक वेळा विभागाच्या ऑफिसातली कर्मचारी तपासायची आणि भरघोस ग्रेड द्यायची. २०१४ च्या चौकशी अहवालात अशा वर्गांचा लाभ घेतलेल्या विद्यार्थ्यांचा आकडा ३,१०० च्या घरात होता, आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. त्या मुलांना कोणी वाईट हेतूनं फसवलं असं नाही. ‘बिचारी दमतात, पास तर झाली पाहिजेत’ इथूनच ते सुरू झालं होतं. ‘बघून घेऊ’ हे वाक्य सुरुवातीला नेहमी प्रेमाचंच असतं.

त्याच देशात उलटं उदाहरणही आहे, आणि आपल्या विद्यापीठांनी ते नीट वाचावं असं मला फार वाटतं. हार्वर्ड आणि येल १८५२ मध्ये बोटींच्या शर्यतीत पहिल्यांदा समोरासमोर आले. अमेरिकेतली ही पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. त्यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना १८७५ पासूनचा. वैर म्हणाल तर इतकं की १९६८ च्या सामन्यात हार्वर्डनं शेवटच्या ४२ सेकंदांत १६ गुण काढून २९-२९ बरोबरी साधली, तर त्यांच्या विद्यार्थी वृत्तपत्रानं ‘हार्वर्डनं येलला २९-२९ असं हरवलं’ असा मथळा दिला. पण हेच कट्टर प्रतिस्पर्धी, आणखी सहा विद्यापीठांसह, १९५४ च्या करारानं एकत्र बांधले गेले: खेळासाठी शिष्यवृत्ती कोणीच द्यायची नाही. घरची परिस्थिती बघून मदत मिळेल, ती सगळ्यांना असते तशीच. पुढे त्यांनी आणखी एक माप ठरवलं. शाळेतले गुण आणि प्रवेश परीक्षा मिळून खेळाडूचा एक निर्देशांक काढायचा, आणि कॉलेजच्या एकूण विद्यार्थ्यांच्या सरासरीपेक्षा खेळाडूंची सरासरी ठरलेल्या मर्यादेखाली जाऊ द्यायची नाही. एकट्या हार्वर्डनं हे केलं असतं तर येलनं त्यांना दरवर्षी धुऊन काढलं असतं. दोघांनी मिळून केलं म्हणून चुरस टिकली. (खेळाच्या नावाखाली मागच्या दारानं प्रवेश तिथंही विकले गेले, २०१९ च्या घोटाळ्यात येलच्या मुलींच्या सॉकर संघाचा प्रशिक्षक अडकला होता. करार असला तरी राखण करावीच लागते.) आपल्याकडे शेजारशेजारच्या दोन कॉलेजांच्या प्राचार्यांनी बसून ‘तुम्हीही नाव घालण्यापुरता विद्यार्थी आणू नका, आम्हीही आणणार नाही’ एवढं ठरवलं तरी विभागीय स्पर्धांचं चित्र बदलेल. मी हे माझ्या नोकरीत अनेक बैठकांत मांडलं आणि आजही मांडतो.

पहिल्या कॉलेजचं काय, तर ‘कोणालाही सवलत नाही’ असं सांगणारा बहुतेक ऑफिसातला क्लार्क असतो, आणि त्याला तेवढंच सांगायचा अधिकार असतो. खरी परिस्थिती जिमखान्यात कळते.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. पूर्वी वार्षिक परीक्षा होती. पावसाळ्यात स्पर्धा सुरू होत, डिसेंबर-जानेवारीत आंतरविद्यापीठ, आणि मग फेब्रुवारीपासून अभ्यासाला बसून मार्च-एप्रिलची परीक्षा देता येई. सेमिस्टर आलं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा बरोबर निवड चाचण्या आणि विद्यापीठाच्या सराव शिबिरावर येऊन आदळली. त्यात अंतर्गत गुण, असाइनमेंट, प्रेझेंटेशन. वर्षाला दोनदा जीव टांगणीला. खेळाडूंच्या केट्या, म्हणजे राहिलेले विषय, वाढल्या त्या यामुळे. त्यांच्या आळसामुळे नव्हे.

आमच्याकडे आम्ही यावर साधा उपाय काढला होता. विद्यापीठाचं क्रीडा वेळापत्रक हातात आलं की जुलैतच उपप्राचार्य, विभागप्रमुख आणि मी बसायचो. प्रत्येक खेळाडूचं नाव, वर्ग, प्रॅक्टिकलचा वार आणि तिच्या खेळाच्या संभाव्य तारखा एका वहीत समोरासमोर लिहायच्या. जिथं टक्कर दिसेल तिथं लाल शाई. बीएस्सी केमिस्ट्रीची एक कबड्डीपटू होती, तिचं प्रॅक्टिकल मंगळवारी आणि संघाचे सामने हमखास मंगळवार-बुधवारी. तिला टर्मच्या सुरुवातीलाच शुक्रवारच्या बॅचमध्ये टाकली. तरी दोन टायट्रेशन बुडाली. शनिवारी दुपारी लॅब रिकामी असे, तेव्हा प्रयोगशाळा सहायकानं ब्युरेट लावून दिलं आणि तिनं एकटीनं दोन्ही प्रयोग करून त्याच दिवशी जर्नलवर मॅडमची सही घेतली. रीडिंग मैत्रिणीच्या जर्नलमधून उतरवायला कोणी सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. खेळाडूला सवलत द्यायची ती अशी: काम माफ करायचं नाही, वेळ बदलून द्यायचा. हजेरीचंही तसंच. स्पर्धेच्या आणि अधिकृत शिबिराच्या दिवसांची हजेरी पत्र दाखवून धरली जायची. रोजच्या सरावाच्या नावाखाली बुडवलेली लेक्चरं धरली जात नसत.

तर तुम्ही दोन्ही कॉलेजांत जाल तेव्हा ऑफिसची खिडकी सोडून जिमखान्यात जा आणि मागच्या दोन वर्षांच्या ॲथलेटिक्सच्या मुली आत्ता कुठल्या वर्गात आहेत ते विचारा. तिसऱ्या वर्षाला वेळेत पोचलेल्या निघाल्या तर चांगली खूण. त्यातल्या एकीला मैदानावर गाठून मुलीलाच बोलू द्या. आई समोर असली की त्या मुली मोकळं बोलत नाहीत. स्पर्धेमुळे अंतर्गत परीक्षा चुकली तर पुन्हा घेतात का, आणि तसा लेखी नियम आहे का, हे उपप्राचार्यांना विचारा. दुखापत होऊन मुलीला एक सीझन बसावं लागलं तर फीमाफी राहील का, हे दुसऱ्या कॉलेजला अवश्य विचारा आणि उत्तर कागदावर मागा. मध्यम पल्ल्याच्या धावपटूंना नडगीचं दुखणं आणि स्ट्रेस फ्रॅक्चर नवीन नाही. या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघा.

विषयाबद्दल: बीएस्सी जमतं, पण प्रॅक्टिकलमुळे जड जातं. कॉमर्सची सकाळची लेक्चरं असतील तर सराव संध्याकाळी न्यावा लागतो, पण दिवस सुटसुटीत राहतो. मुलीला विज्ञान खरोखर आवडत असेल तर केवळ धावण्यासाठी ते सोडायला लावू नका. आवडता विषय असला की प्रवासात, शिबिरात पुस्तक उघडलं जातं. लादलेला असला तर उघडलं जात नाही.

जुन्या मुंबई विद्यापीठाच्या नियमांत खेळ, एनसीसी, एनएसएससाठी जास्तीत जास्त १० सवलतीचे गुण असायचे, आणि अनेक पालक अजून त्याच आशेवर असतात. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाखाली खेळाला क्रेडिट मिळतं. दोन्हीचा उपयोग आहे, पण त्यावर पदवी पार पडत नाही. तुमच्या मुलीच्या कॉलेजात सध्या काय लागू आहे ते परीक्षा विभागातून समजून घ्या.

एक गोष्ट कॉलेजशी संबंधित नाही, तरी सांगतो कारण ती मुलींच्या बाबतीत वारंवार दिसते. धावण्याची वेळ अचानक बिघडली, सारखी दमायला लागली, अभ्यासात लक्ष लागेना, की घरात ‘दोन्ही झेपत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि खेळ बंद होतो. आधी हिमोग्लोबिन आणि शरीरातलं लोह तपासून घ्या. पाळी अनियमित झाली असेल तर ‘धावणाऱ्या मुलींचं होतं असं’ म्हणून सोडू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. बहुधा खाणं सरावाच्या मानानं कमी पडत असतं. रात्री दहाला घरी येऊन पहाटे साडेचारला उठणाऱ्या मुलीला झोपही पुरत नाही. मुंबई-ठाण्यात मी कॉलेज आणि मैदान यांच्यातलं अंतर कॉलेजच्या नावापेक्षा वरचं मानतो. सराव ठाण्यात असेल तर रोज चर्चगेटला पाठवण्याआधी नीट विचार करा.

कागदपत्रं आजपासून जपा. प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा खात्याकडून होते, आणि बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आल्यापासून ती कसून होते. स्पर्धेचं प्रमाणपत्र, निकालाची प्रत, प्रवेशिका, संघातल्या निवडीचं पत्र असं सगळं एका फाइलीत वर्षवार लावा, स्कॅन करून ठेवा. मूळ प्रत कॉलेजात जमा करायला सांगितलं तर पोच घेतल्याशिवाय देऊ नका. फोन करणाऱ्या त्या सरांना तारीख सांगून भेटायला जा, मुलीला बरोबर न्या, आणि वर सांगितलेल्या प्रश्नांपैकी निदान दुखापतीचा आणि प्रॅक्टिकलचा तिला स्वतःला विचारू द्या. प्रवेशाची मुदत असेल तोवर पहिल्या कॉलेजची जागा सोडू नका.